विहीणबाईंबरोबर देवमासा पाहायला गेलो त्याची हकीकत

तीर्थरूप अक्का,

दुकानातल्या स्टुलावरून उठून, चपला काढून, तुमच्या गावाच्या दिशेला तोंड करून केलेला नमस्कार पोचावा. (दिशा थोडी चुकली असेल तर सांभाळून घ्या, दुकानाला खिडकी एकच आहे.) तुमचा गुडघा कसा आहे? मागच्या पत्रात तुम्ही "बरा आहे" एवढंच लिहिलं होतं, आणि तुमच्या "बरा आहे"मध्ये आजवर एक ऑपरेशन आणि एक मोडलेलं मनगट मावलेलं मला माहीत आहे, म्हणून काळजी वाटते. माझं म्हणाल तर मी बरा आहे. (माझ्या "बरा आहे"चा अर्थ बरा आहे असाच घ्यावा.) कामधंदा ठीक. माणसांचे दात पडायचे काही थांबलेले नाहीत, त्यामुळे कवळ्या करणाऱ्याला उसंत नाही. आमच्या कन्येची तब्येत उत्तम. तिला आता बसल्या जागेवरून उठताना हात द्यावा लागतो आणि हात दिला की ती रागावते, म्हणजे सगळं व्यवस्थित चाललेलं आहे. जावई येता-जाता "पाणी प्यायलीस का" विचारतात. पाण्याला आणि त्यांना ती सारखीच कंटाळली आहे.

तुम्ही विचारलंत, समुद्रावर जाऊन आलात म्हणे, काय काय पाहिलंत? त्याचं उत्तर द्यायला उशीर झाला. चार-पाचदा पत्र लिहायला बसलो आणि प्रत्येक वेळी पक्ष्यांपाशी येऊन थांबलो. आज मात्र सकाळपासून दुकानात कोणी आलेलं नाही, कवळ्यांचे साचे वाळत ठेवले आहेत, ते वाळेपर्यंत मलाही दुसरा उद्योग नाही. तेव्हा सगळं सांगतो. लांबलं तर मध्ये चहा घ्या.

ही सहल मुळात माझ्या डोक्यातून निघालेली नव्हती. बोटीने दूर समुद्रात न्यायचं, तिथे समुद्रपक्षी, डॉल्फिन आणि नशिबात असेल तर देवमासा दाखवायचा आणि संध्याकाळच्या आत परत आणायचं, असा तो कार्यक्रम. कन्येने आणि जावयांनी चार जणांच्या जागा सांगून ठेवल्या: ते दोघं, मी आणि जावयांच्या मातोश्री, म्हणजे आमच्या विहीणबाई. हेतू असा की आम्हा दोघा व्याह्यांचं जरा जमावं. मग डॉक्टरीणबाईंनी कन्येला सांगितलं की या दिवसांत बोट नको. कन्या नाही म्हणून जावई नाहीत. उरलो आम्ही दोघं. आम्हीही सुटलो असतो, पण आदल्या दिवशी कन्येने मला फोन करून सांगितलं की विहीणबाई जायला तयार आहेत, आणि जावयांनी विहीणबाईंना फोन करून सांगितलं की मी जायला तयार आहे. दोघांनाही माघार घेणं कमीपणाचं वाटलं. (ही दोन्ही वाक्यं ज्या क्षणी बोलली गेली त्या क्षणी खोटी होती, हे आम्हाला बोटीवर कळलं.)

आमचं का जमत नव्हतं ते तुम्हाला कधी सांगितलं नाही, कारण ते सांगण्यासारखं नाही. तुम्हाला माझी सवय ठाऊक आहे, समोरच्याच्या डोळ्यांत बघण्याआधी मी तोंडात बघतो. त्याला इलाज नाही; शिंपी कॉलर बघतो, मी दात बघतो. लग्न ठरवायला आम्ही त्यांच्या घरी गेलो, तेव्हा विहीणबाई समोरच्या खुर्चीवर बसून मुलाच्या नोकरीबद्दल सांगत होत्या, आणि मी मनात म्हणत होतो की वरची ओळ फार सरळ आहे, ही कवळी असणार, पण केली कोणी? असं काम आपल्या शहरात कोण करतं? मी जरा पुढे झुकलो असेन. विहीणबाईंनी बोलणं थांबवलं, कप बशीत ठेवला आणि साऱ्या मंडळींसमोर म्हणाल्या, "सगळे माझे स्वतःचे आहेत." कोणालाच काही कळलं नाही. जावयांना वाटलं, आई घरातल्या फर्निचरबद्दल बोलते आहे. मला मात्र कळलं, आणि मला कळलं हे त्यांना कळलं. तेव्हापासून त्या माझ्यासमोर ओठ मिटूनच हसत. मी तो त्यांचा ताठा समजत आलो.

विहीणबाई नोकरीत काय करत हे तुम्ही लग्नात ऐकलं असेलच, तरी पुढच्या हकीकतीसाठी पुन्हा सांगतो. आमच्या मध्यवर्ती बसस्थानकावर गाड्यांची घोषणा करणारा जो आवाज आहे, तो त्यांचा. आयुष्यभर त्या काचेच्या खोलीत बसून बोलल्या आणि त्यांच्या शब्दाबरहुकूम सगळं शहर या फलाटावरून त्या फलाटावर धावलं. आता निवृत्त झाल्या, पण आवाज मुद्रित करून ठेवला आहे, तोच अजून वाजतो. मीसुद्धा कित्येक वर्षं त्यांच्या सांगण्यावरून गाडीत चढत-उतरत होतो, तोंडओळख नसताना.

तर त्या दिवशी सकाळी धक्क्यावर पोचलो. वारा असा की टोपी हातात धरूनच बोलावं लागत होतं. विहीणबाई आधीच येऊन उभ्या. पायात बूट, डोक्याला घट्ट रुमाल, खांद्याला पिशवी. मला बघून म्हणाल्या, "आलात?" मी म्हणालो, "आलो." एवढ्यावर आमचा संवाद बराच वेळ टिकला. बोट म्हणजे एक मध्यम आकाराची लाँच, वर अर्धं छत, कडेने लोखंडी कठडा, मधोमध बाकं. बोटवाला उंच, दाढीवाला, तोंडाने कमी आणि भुवयांनी जास्त बोलणारा. बरोबर पक्ष्यांची माहिती सांगायला एक प्राणिशास्त्राच्या बाई. त्या चांगल्या हसऱ्या होत्या, पण त्यांचा घसा पार बसलेला. हातात माइक, आणि माइकमधून नुसती फुसफुस. प्रवाशांमध्ये एक गृहस्थ होते, त्यांच्या कॅमेऱ्याची नळी इतकी लांब होती की ते वळले की बाकीच्यांना खाली वाकावं लागे. त्यांना मी मनातल्या मनात नळीवाले म्हणू लागलो. तुम्हाला एवढी माणसं पुरेत.

सगळ्यांना जाकिटं दिली. माझ्या जाकिटाचा पट्टा पोटावर पुरेना. बोटवाल्याने एक भुवई वर केली, तेव्हा विहीणबाईंनी पुढे होऊन तो पट्टा मागून ओढून असा आवळला की मला माझ्या नाश्त्याची आठवण झाली. ती आठवण पुढे फार वेळ राहिली.

अक्का, समुद्राबद्दल मी एक सांगतो, ते कोणी सांगत नाही. किनाऱ्यावरून तो पुढे-मागे होताना दिसतो. प्रत्यक्षात तो वर-खाली होतो. बंदराचा बांध मागे पडला आणि बोट पहिल्यांदा वर गेली तेव्हा मी "अरे वा" म्हणालो. ती खाली आली तेव्हा काहीच म्हणालो नाही. त्यानंतर मी क्षितिजाकडे बघत बसलो, कारण तसं करावं असं मी कुठेतरी वाचलं होतं. क्षितिजसुद्धा हलत होतं. मी उठलो, उजव्या बाजूचा कठडा गाठला आणि तिथेच मुक्काम केला. माझ्या आयुष्यातल्या अनेक गोष्टी मी त्या दिवशी समुद्राला दिल्या, त्यात काही आदल्या रात्रीच्याही होत्या. तोंडात लोकांची तोंडं घेऊन जगणारा माणूस मी (हे वाक्य जरा चमत्कारिक झालं, पण खोडत नाही), मला आपलं स्वतःचं तोंड इतकं उघडता येतं हे माहीत नव्हतं.

मागे बाकांवर लोक कुरकुरू लागले होते. प्राणिशास्त्राच्या बाई हात करून काहीतरी दाखवत, ओठ हलवत, आणि वारा ते नाव घेऊन निघून जाई. लोक भलत्याच बाजूला बघत. नळीवाल्यांनी तर बराच वेळ एका तरंगत्या डब्याचे फोटो काढले. विहीणबाईंनी थोडा वेळ हे सहन केलं. मग त्या उठल्या, बाईंच्या शेजारी जाऊन बसल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही माझ्या कानात सांगा. माइक इकडे द्या." आणि अक्का, पुढच्या क्षणी त्या भर समुद्रात, जिथे चारी बाजूंना पाण्याशिवाय काही नव्हतं, तिथे आमचं बसस्थानक अवतरलं.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. बोटीच्या उजव्या बाजूला कुरवांचा थवा लागलेला आहे. डाव्या बाजूच्या प्रवाशांनी घाई करू नये, थवा वळसा घालून तिकडेही येणार आहे."

कोणी हसलं नाही. तो आवाज ऐकला की माणूस आपोआप सरळ होतो आणि हातातलं सामान चाचपतो. सगळे उजवीकडे वळले आणि खरंच तिथे कुरव होते, पांढरे, करड्या पंखांचे, बोटीच्या बरोबरीने पंख न हलवता चाललेले. मग छोटी काळपट पाखरं आली, पाण्याला पाय लावत जणू त्यावर चालत होती. मग एक मोठा पांढरा पक्षी उंचावरून पंख मिटून असा कोसळला की मला वाटलं, मेला. तर मासा घेऊन वर. विहीणबाईंनी त्याची घोषणा तो पाण्यात असतानाच केली, आणि तो वर आल्यावर "सदर पक्षी परत आलेला आहे" असंही सांगितलं. डॉल्फिनांचा कळप "डाव्या बाजूने येऊन उजव्या बाजूने सुटेल" म्हणाल्या, आणि तो तसाच सुटला. मी कठड्याला धरून हे सगळं एका डोळ्याने बघत होतो. मला त्या स्थितीतही वाटलं की या बाईंनी सांगितल्यावर समुद्राची काय बिशाद.

आता देवमाशाचं सांगतो. तो आला तेव्हा घोषणा झाली नाही. तो न सांगता आला, आणि माझ्या बाजूला आला.

मी खाली मान घालून पाण्याकडेच बघत होतो, त्यामुळे मला तो सर्वांच्या आधी दिसला. आधी पाणी फिकट झालं. मग ते गडद झालं. मग पाण्यातून एक पाठ वर आली आणि येतच राहिली, संपेचना. मग एक फुत्कार झाला, इंजिनाची वाफ सोडल्यासारखा, आणि माझ्या तोंडावर जे पडलं त्याला वास होता. अक्का, सगळं आयुष्य मी लोकांच्या तोंडांजवळ काढलं आहे, पण असा श्वास मी कधी घेतलेला नाही. मागे कोणीतरी ओरडलं आणि जे व्हायला नको ते झालं. बोटीतली सगळी माणसं एकदम उठून माझ्या बाजूच्या कठड्याकडे धावली.

बोट कलली. हळू कलली, पण थांबेना. बोटवाल्याची हाक ऐकू आली, पहिल्यांदाच त्याचं तोंड उघडलेलं. पण इंजिनाच्या आणि माणसांच्या गलक्यात ती कोणाच्या कानात शिरली नाही. नळीवाले माझ्या पाठीवर पालथे पडले होते, त्यांची नळी माझ्या कानाशेजारून पुढे आलेली. कठडा खाली गेला, माझे कोपर पाण्यात गेले, मग खांदे. पाय बोटीच्या जमिनीवरून सुटले. ओरडावं म्हटलं तर तोंडात पाणी. मला आठवतं, मी अगदी शांतपणे विचार केला की दुकानाची किल्ली माझ्या खिशात आहे आणि कन्येला कुलूप फोडावं लागणार.

त्या वेळी त्याचा डोळा दिसला. डोक्याच्या मानाने अगदी लहान, सुरकुत्यांत बसलेला, हाताच्या अंतरावर. तो माझ्याकडे बघत होता. त्यात ओळख नव्हती, राग नव्हता, काही मागणंही नव्हतं. अक्का, तुम्हाला आठवत असेल, शेवटच्या आठवड्यात ही बोलायची बंद झाली होती आणि खाटेवरून माझ्याकडे नुसती बघायची. मला तेव्हा सारखं वाटायचं की हिला काहीतरी हवं आहे आणि मला ते कळत नाही. मी पाणी देत होतो, उशी सरकवत होतो, खिडकी उघडत होतो, लावत होतो. तुम्ही म्हणालातही होता, "तुम्ही जरा बसा हो." मी बसलो नाही. तिथे पाण्यात अर्धा लोंबकळत असताना मला पहिल्यांदा वाटलं की तिला काहीच नको असेल. ती नुसती बघून घेत असेल.

एवढ्यात वरून आवाज आला. ओरडल्यासारखा नाही; नेहमीचा, सपाट, स्वच्छ. "सर्व प्रवाशांनी आहेत त्या जागी ताबडतोब खाली बसावे. उभ्या असलेल्या प्रवाशांना देवमासा दिसणार नाही." दुसरं वाक्य साफ खोटं होतं. पण अक्का, लोक बसले! भीतीने बसले नसते, बोटवाल्यानं शिव्या घातल्या असत्या तरी बसले नसते. पण ही घोषणा होती, आणि तीत दिसण्या-न दिसण्याचा प्रश्न होता. सगळे जिथल्या तिथे मटकन बसले, नळीवालेसुद्धा. (ते माझ्या पायांवर बसले, म्हणून मी राहिलो. माणसाने कोणाला नावं ठेवू नयेत.) "मधल्या बाकांवर सरकावे. लहान मुलांना जमिनीवर बसवावे." बोट क्षणभर तशीच राहिली, जणू ऐकते आहे, आणि मग हळूच सरळ झाली. कठडा पाण्यातून वर आला आणि त्याच्यासकट मीही.

मी मागे वळून पाहिलं. विहीणबाई छताच्या खांबाला पाठ लावून उभ्या होत्या, माइक दोन्ही हातांनी धरलेला. आवाज जसाच्या तसा चालू होता, पण हात असे कापत होते की माइक हनुवटीवर आपटत होता. त्यांच्याकडे बघताना माझ्या मनात काय आलं ते मी इथे लिहीत नाही. काही आलंच असेल तर ते एवढंच की या बाई घाबरल्या आहेत हे बोटीत फक्त मला ठाऊक आहे.

मग विहीणबाईंनी माइक प्राणिशास्त्राच्या बाईंकडे दिला, माझ्यापाशी आल्या, माझ्या जाकिटाचा मागचा पट्टा मुठीत धरला आणि मला मांजराच्या पिलासारखं ओढत मागच्या बाकावर नेऊन बसवलं. पट्टा मात्र सोडला नाही. किनारा येईपर्यंत सोडला नाही. थर्मासमधलं गरम पाणी दिलं. प्राणिशास्त्राच्या बाई येऊन कुजबुजत विचारून गेल्या की मी ठीक आहे ना, आणि जाता जाता त्या देवमाशाची माहितीही सांगून गेल्या. या जातीला दातच नसतात म्हणे. दातांच्या जागी झालरी असतात, त्यांतून पाणी गाळून तो खातो. मी म्हणालो, "एवढा मोठा जीव आणि तोंडाचं बोळकं?" आणि विहीणबाई हसल्या. ओठ मिटून नाही, तोंड उघडून, मान मागे टाकून. तेव्हा मला दिसलं. वरच्या ओळीत आत, डावीकडची एक दाढ चांगलीच वाकडी आहे. जगातला कोणताही कवळी करणारा दात असा बसवणार नाही. मी म्हणालो, "विहीणबाई, सगळे तुमचे स्वतःचे आहेत." त्या म्हणाल्या, "मग मी काय सांगत होते तेव्हा?"

यानंतर बोलणं निघालं. त्या सांगत होत्या की यजमान गेल्यापासून घरात फार शांतता आहे. मुलगा-सून येतात, फोन करतात, पण संध्याकाळ तर रोज येते. मग इतक्या साधेपणाने म्हणाल्या, "मी स्टँडवर जाऊन बसते. चांगलं बाक आहे एक. घरी कोणी बोलत नाही. तिथे निदान मी बोलते." मग मीही माझं सांगितलं. दुकानातल्या फळीवर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले असतात, ते तुम्ही पाहिले आहेत. सकाळचं वर्तमानपत्र मी त्यांना मोठ्याने वाचून दाखवतो. (अक्का, हे मी कन्येलाही सांगितलेलं नाही.) विहीणबाईंनी हसण्यावारी नेलं नाही. थोडा विचार करून म्हणाल्या, "ऐकतात?" मी म्हणालो, "तोंड उघडं टाकून ऐकतात."

पुढच्या आठवड्यात त्या दुकानात आल्या. कारण काय, तर जबडे बघायचे होते. बघितले. मग वर्तमानपत्र उचललं आणि पहिलं पान वाचलं. बाहेरच्या बाकावर बसलेले एक आजोबा आपली पिशवी घेऊन उभे राहिले. तेव्हापासून त्या दुपारच्या येतात, वाचतात, मी कवळ्या घासतो. मधल्या काळात त्यांना सर्दी झाली आणि त्या काही दिवस आल्या नाहीत. त्या दिवसांत मी एका निवृत्त न्यायाधीशांना वरची कवळी दिली आणि खालची म्हणूनही वरचीच दिली. ते मोठ्या गंभीरपणे दोन्ही लावून बघत होते. तेव्हा मी स्वतःशी कबूल केलं की हे लक्षण ठीक नाही.

असो. समुद्रावर पाहिलं ते असं: कुरव, छोटी काळपट पाखरं, सूर मारणारा पांढरा पक्षी, डॉल्फिन आणि एक देवमासा. सहल एकंदर छान झाली. बाकी विशेष काही नाही. गुडघ्याची काळजी घ्या, जिना चढू नका, आणि चढलाच तर मला कळवू नका.

तुमच्या धाकट्या बहिणीचा नवरा,
(अजूनही)

ता. क. "बाकी विशेष काही नाही" असं वर लिहिलं ते खरं नाही. हिला तुम्ही आईच्या मागे लहानाची मोठी केलीत आणि तुम्हीच माझ्या घरी आणून पोचवलीत. तेव्हा विचारायचं तर मी दुसऱ्या कोणाला विचारणार? विहीणबाईंना मी लग्नाबद्दल विचारावं असं मनात आहे. हिचा फोटो आहे तिथेच राहील. तो काढायचं मनातही नाही आणि कोणी काढायला सांगेल असंही वाटत नाही. तुम्ही नको म्हणालात तर मी विचारणार नाही. दुपारचं वर्तमानपत्र तेवढं चालू राहू द्या.

ता. क. आणखी एक. हे झालं तर आमची कन्या आणि जावई एकमेकांचे कोण होतील याचा मी दोन दिवस विचार करतो आहे. कागदावर काढूनही पाहिलं, तो कागद फाडून टाकला. येणाऱ्या बाळाचा मी आईकडूनही आजोबा आणि बापाकडूनही आजोबा. हे कन्येला कोणीतरी नीट समजावून सांगायला हवं, आणि ती तुमच्याशिवाय कोणाचं ऐकत नाही. (खरं तर पत्र लिहायचं मुख्य कारण हे आहे.)

ता. क. तुमचं "हो" असेल तर दोन ओळी टाकल्यात तरी पुरे. "नाही" असेल तर मात्र लिहू नका, मी तिकडे येतो. ते तुमच्यासमोर बसून ऐकलेलं बरं.

ता. क. वरचं लिहून मी मेण गरम करायला आत गेलो होतो. तेवढ्यात विहीणबाई आल्या. आता त्या आपल्या खुर्चीवर बसून वर्तमानपत्र वाचत आहेत, आज मनातल्या मनात. पत्राची घडी मी घातली होती तशी राहिलेली नाही. पानाच्या अगदी तळाशी पेन्सिलने काहीतरी लिहिलेलं दिसतं आहे. मी तिथे हात ठेवून हे लिहितो आहे. अक्का, मला वाचायचा धीर होत नाही. पाकीट लगेच बंद करतो. तुम्ही वाचा आणि काय असेल ते मला कळवा.

*(तळाशी, पेन्सिलने, दुसऱ्या अक्षरात)*

अक्का, नमस्कार. हकीकत बरोबर आहे. फक्त देवमासे दोन होते. दुसरा वर आला तेव्हा हे समुद्राकडे बघत नव्हते.